चार्ल्स कोरिया यांची मुंबई आणि देशभरातली कामं: काय पाहावं, कसं पाहावं?

अंगणवेल

नमस्कार मंडळी,

मुंबईत जन्म काढूनही चार्ल्स कोरिया यांचं काम नीट न पाहिलेले आपल्यात पुष्कळ जण असतील, म्हणून हा धागा. मूळ गोव्याचे, जन्म सिकंदराबादचा (१९३०), शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुढे अमेरिकेत मिशिगन व एमआयटीत. १९५८ साली मुंबईत स्वतःचं ऑफिस थाटलं आणि २०१५ मध्ये जाईपर्यंत मुंबईचेच होऊन राहिले. पद्मविभूषण, ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेचं सुवर्णपदक वगैरे सगळं मिळालं. तरी पेडर रोडवरून रोज जाणाऱ्या कितीजणांना ‘ती खाचा पाडलेली इमारत’ कोणाची ते ठाऊक आहे?

माझं मत आधीच सांगून टाकते. त्यांच्या कामाचा जीव भिंतींत कमी आणि भिंतींमधल्या मोकळ्या जागेत जास्त आहे. चौक, गच्ची, ओटा, पायऱ्या, डोक्यावर आभाळ. हे फोटोत दिसत नाही, तिथे जाऊन बसावं लागतं. आणि आपण नेमकी तीच जागा भरून टाकतोय.

भाची आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिसेंबरच्या सुट्टीत तिला मुंबई, नवी मुंबई, पुणे, गोवा एवढं दाखवायचा विचार आहे. अहमदाबाद, जयपूर, भोपाळ उन्हाळ्याआधी जमलं तर. कुठे आत जाता येतं? कुठे वेळ जास्त ठेवावा? ज्यांनी पाहिलंय, तिथे राहिलेत, काम केलंय, त्यांनी लिहावं.

खाडीपलीकडे

बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज सगळ्यात आधी. बाकीचं नंतर.

चौकट

चांगला विषय. मी याच धंद्यातला, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पेडर रोडची ती इमारत म्हणजे कांचनजंगा, १९८३ मध्ये पूर्ण झाली. सुमारे ८४ मीटर उंच, ३२ फ्लॅट, वास्तुविशारद प्रवीणा मेहतांसोबत केलेलं काम. मुंबईत पश्चिमेकडून समुद्राचा वारा आणि देखावा मिळतो, पण संध्याकाळचं तापलेलं ऊन आणि पावसाळ्याची झड पण तिकडूनच येते. जुन्या बंगल्यांनी यावर उपाय काढला होता: खोल्यांभोवती व्हरांडा. ऊन-पाऊस व्हरांड्याने झेलायचा, खोली आत सुरक्षित. कोरियांनी तो व्हरांडा उचलून टॉवरमध्ये नेला. कोपऱ्यात दोन मजले उंचीची बागेची गच्ची, तिच्या आड खोल्या. रस्त्यावरून ज्या खाचा दिसतात त्या याच. नुसत्या दिसण्यासाठी कापलेलं त्यात काही नाही.

याचं मूळ बघायचं तर वीस वर्षं मागे जावं लागतं. अहमदाबादला १९६१-६२ च्या सुमारास त्यांनी कमी खर्चाच्या घराचा एक नमुना बांधला, ट्यूब हाऊस. लांबट, अरुंद घर. छत उतरतं, माथ्यावर फट. तापलेली हवा छताच्या पोटाला लागून वर चढते, फटीतून बाहेर पडते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा आत ओढली जाते. ना पंखा, ना वीज. गरीबाच्या घरात हवा खेळली पाहिजे हा त्यांचा हट्ट तिथपासूनचा. ते घर १९९५ साली पाडलं, त्यामुळे आता फक्त नकाशात. भाचीला त्याचा छेद, म्हणजे घर उभं कापल्यावर आत कसं दिसेल ते चित्र, काढायला सांगा. सगळे कोरिया त्यात सापडतील.

गिरणगावकर

चौकट, माहिती उत्तम. पण ३२ श्रीमंत कुटुंबांना बागेची गच्ची मिळाली याचं मी काय कौतुक करू? या शहरात निम्मे लोक झोपडपट्टीत राहतात.

चौकट

गिरणगावकर, प्रश्न रास्त आहे. पण हाच माणूस १९६० च्या दशकात फुटपाथवर झोपणाऱ्यांचा विचार करत होता. फोर्टातल्या दादाभाई नौरोजी रोडसाठी त्यांनी एक योजना मांडली होती: फुटपाथच्या कडेने उंचवटा करायचा, ठरावीक अंतरावर पाण्याचे नळ. दिवसा तिथे फेरीवाले बसतील, संध्याकाळी ओटे धुऊन निघतील, रात्री लोक झोपतील. चालणाऱ्याला वाट मोकळी, झोपणाऱ्याला कोरडी जागा. खर्च किरकोळ होता, तरी झालं नाही. आज त्या रस्त्यावरून चालताना मला ते न झालेले ओटे आठवतात आणि चीड येते.

कट्टेकरी

नळ असलेला ओटा! आजही केला तर फेरीवाले, चालणारे आणि पालिका तिघंही खूश होतील.

बेलापूरकरीण

मी आर्टिस्ट व्हिलेजमध्येच राहते, लग्न होऊन आले तेव्हापासून. विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहिते.

सीबीडी बेलापूर, सेक्टर ८, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी. १९८३ ते ८६ च्या दरम्यान सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीसाठी, बांधलेली शंभरेक घरं. रचना अशी: सात घरं, मध्ये साधारण आठ मीटर लांब-रुंद चौक. असे तीन गट मिळून मोठा चौक. तसे तीन मिळून त्याहून मोठी जागा. गाव वाढत जातं तसं. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटर, म्हणजे सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या घरात फार फरक नाही. प्रत्येक घर सुटं, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. कारण हेच की ज्याला जेव्हा पैसे जमतील तेव्हा त्याने खोली चढवावी, शेजाऱ्याला विचारावं लागू नये, त्याच्या भिंतीला धक्का लागू नये.

आमच्या चौकाचं सांगते. सकाळी सहाला समोरच्या काकूंची रांगोळी. दहापर्यंत पापड, मिरच्या, धुतलेले गहू यांची वाळवणं. कुठल्या कोपऱ्यात ऊन किती वाजता येतं हे इथल्या बायकांना तोंडपाठ आहे. दुपारी मांजरं. साडेचारला पोरांचं क्रिकेट, पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागला की आउट. माझी मुलं रांगायला लागली ती चौकात, आणि पोळी लाटता लाटता मला ती दिसायची. टॉवरमध्ये राहणारी माझी बहीण मुलांना खाली न्यायला लिफ्टची वाट बघायची, तेव्हा हा फरक मला खरा कळला.

आता दुसरी बाजू. मूळ घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. उतरती कौलं जाऊन स्लॅब आले, दोनाचे तीन मजले झाले, काचा आल्या, ग्रॅनाइट आलं. शेजारच्याच्या खाजगीपणासाठी ज्या भिंतीला खिडकी नव्हती त्या भिंतीला खिडकी आली. काही चौकांत गाड्या उभ्या राहतात. पाहायला येणारे विद्यार्थी आधी हिरमुसतात, ‘हे फोटोतलं नाही’ म्हणतात. मी त्यांना सांगते, भिंतींकडे बघू नका, चौकात उभे राहा आणि तासभर थांबा.

अंगणवेल

बेलापूरकरीण, तुमचा प्रतिसाद भाचीला वाचून दाखवला. ती विचारतेय, घरं इतकी बदलली हे कोरियांचं अपयश की यश?

चौकट

यश, माझ्या मते. घर वाढणार हे गृहीत धरूनच आखणी होती. साध्या गवंड्याला बांधता येईल असंच बांधकाम होतं, म्हणजे मालकाने हात घालावा हीच अपेक्षा.

ओसरी

अर्धी असहमत. खोली चढवली ते ठीक, ती योजनाच होती. पण चौकात गाडी लावली तर? चौक सातही घरांचा आहे. स्वतःच्या प्लॉटवर वाढणं वेगळं आणि सगळ्यांचं आभाळ खाणं वेगळं. दोन्हीला ‘लोकांनी आपलंसं केलं’ म्हणून चालणार नाही.

बेलापूरकरीण

ओसरी, अगदी मनातलं बोललात. आमच्या चौकात गाडी नाही, कारण दोन आज्या तिथे दिवसभर बसतात. त्यांच्यासमोर गाडी आणायची कोणाची छाती नाही. बाजूच्या चौकातल्या आज्या गेल्या आणि वर्षभरात तिथे दोन गाड्या आल्या.

कट्टेकरी

प्रत्येक चौकाला दोन आज्या सक्तीच्या करा. नियमावलीतच घाला.

उरणकर

सगळे कौतुक करतायत, म्हणून थोडं वेगळं लिहितो. राग नाही, पण हे लिहिल्याशिवाय नवी मुंबईची गोष्ट पुरी होत नाही.

चौक, आभाळ सगळं खरं. पण त्याखालची जमीन कोणाची होती? ठाणे, पनवेल, उरण भागातली ९५ गावं आणि आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरं, मासेमारीच्या खाड्या. १९७० मध्ये जमीन संपादनाच्या अधिसूचना निघाल्या, सिडको स्थापन झाली. भाव किती मिळाला ते आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तानला आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण आलं. आर्टिस्ट व्हिलेजचं बांधकाम त्याच सुमाराला चालू होतं.

कोरिया काही जमीन घ्यायला आले नव्हते, ते मला कळतं. पण वारसा म्हणताना ज्या शेतावर तो उभा आहे ते शेत विसरू नका. भाचीला बेलापूर दाखवाल तर तिथलं मूळ गावठाणही दाखवा. आमच्या गावांतही ओटा होता, अंगण होतं, वाळवणं होती. कोरियांना जे शहरात आणायचं होतं ते तिथे आधीपासून नांदत होतं.

खाडीपलीकडे

उरणकर, दंडवत. हे लिहायलाच हवं होतं.

थोडी भर घालतो. १९६४ साली मुंबई पालिकेने विकास आराखडा जाहीर केला. त्यावर कोरिया, प्रवीणा मेहता आणि स्थापत्य अभियंता शिरीष पटेल या तिघांनी म्हणणं मांडलं की मुंबई उत्तरेकडे लांबत ठेवून भागणार नाही, खाडीपलीकडे नवं शहर करा. ‘मार्ग’ या नियतकालिकाने १९६५ मध्ये त्यावर अंक काढला. सरकारने कल्पना उचलली आणि कोरिया काही वर्षं सिडकोचे मुख्य वास्तुविशारद होते.

कल्पनेचा गाभा असा होता: सरकारी कचेऱ्या पलीकडे न्या, त्यांच्यामागे नोकऱ्या जातील, नोकऱ्यांमागे लोक जातील आणि दक्षिण मुंबईवरचा ताण उतरेल. जमीन सरकारची असल्यामुळे वाढलेल्या भावाचा पैसा गरिबांच्या घरांना आणि बससेवेला वापरता येईल. प्रत्यक्षात मंत्रालय जागचं हललं नाही. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून टॉवर उभे राहिले. मानखुर्द-वाशी रेल्वे यायला १९९२ उजाडलं. तोवर नवी मुंबईत राहायचं आणि कामाला धक्के खात मुंबईत जायचं, हेच आमच्या आईवडिलांच्या पिढीच्या वाट्याला आलं. ज्या गोष्टीसाठी शहर मागितलं तीच केली नाही, आणि दोष मात्र ‘नियोजनकारांना’.

गिरणगावकर

अगदी हेच गिरण्यांच्या जमिनीचं झालं. तो विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

१९९१ च्या नियमानुसार गिरणीची जमीन विकसित करताना एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, असा ढोबळ हिशोब होता. १९९६ मध्ये राज्य सरकारने गिरण्यांच्या जमिनींबाबत कोरियांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्यांचं म्हणणं असं की सुटे सुटे तुकडे विकू नका. सगळ्या जमिनी एकत्र नकाशावर मांडा आणि मैदानं, घरं, रोजगार, रस्ते यांचा एकच आराखडा करा. लालबाग-परळला श्वास घेता येईल अशी ती शेवटची संधी होती.

२००१ ला नियम बदलला. वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या मुळात रिकाम्या असलेल्या जमिनीची, बांधकामाखालची सगळी मालकाकडे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये तो बदल कायम राहिला. गिरण्या म्हणजे आवारभर शेडच होत्या, रिकामी जमीन असणार किती? माझे वडील ज्या गिरणीत होते तिथे आज मॉल आहे. आमच्या गल्लीतल्या पोरांना खेळायला अजूनही मैदान नाही.

अंगणवेल, ‘आपण मोकळी जागा भरून टाकतोय’ म्हणालात ना, त्याचा सगळ्यात मोठा पुरावा लोअर परळचा पूल चढल्यावर दिसतो. भाचीला तिथेही न्या. कोरियांचं न झालेलं काम म्हणून.

तारांगण

विषय जड झालाय, म्हणून पुण्याकडे वळवतो. विद्यापीठाच्या आवारातलं आयुका, म्हणजे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र. डॉ. जयंत नारळीकर संस्थापक संचालक आणि कोरिया वास्तुविशारद, म्हणजे दोन तल्लख डोकी एका टेबलाशी बसली आणि तिसरं काहीतरी घडलं.

प्रवेशाच्या भिंती काळ्या: खाली बेसॉल्ट, त्यावर कडप्पा, त्यावर चकचकीत ग्रॅनाइट. जसजशी नजर वर जाते तसा काळा रंग अधिक गहिरा होत आभाळ त्यात उतरतं. आत मधोमध कुंड, म्हणजे उतरत्या पायऱ्यांचा मोठा चौक, आणि भोवती इमारती. फुकोचा लंबक आहे. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. एका चौकात फरशीवर सिएरपिन्स्कीचा त्रिकोण काढलाय: त्रिकोणात त्रिकोण, त्यात आणखी त्रिकोण. मी तिथे काही काळ कामाला होतो. डोकं चालेनासं झालं की चहा घेऊन कुंडाच्या पायरीवर बसायचं. शेजारी कोण बसलाय हे बघायचं नाही, तोही अडलेलाच असणार. गप्पा सुरू व्हायच्या आणि फळ्यावर जे सुटलं नाही ते तिथे सुटायचं.

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, तेव्हा सर्वांना खुलं असतं. एरवी आधी विचारून जा.

लंबक

माझा आयडी बघून कळलंच असेल मी कुठून आलो ते! शाळेच्या सहलीत आयुका बघितलं आणि तो लंबक डोक्यात बसला. ‘पृथ्वी फिरते’ हे पुस्तकात वाचलेलं तिथे डोळ्यांनी पाहिलं. इमारत कोणी बांधली हे आज या धाग्यावर कळतंय.

ओसरी

अवांतर: कोरियांवर एवढं लिहितोय तर अच्युत कानविंदे यांचंही नाव निघू दे. सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे, जे.जे.चे विद्यार्थी, पुढे हार्वर्डला आधुनिक वास्तुकलेतले दिग्गज ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकले. आयआयटी कानपूर त्यांचं, मेहसाण्याची दूधसागर डेअरी त्यांची आणि आपलं वरळीचं नेहरू विज्ञान केंद्रसुद्धा. आपल्या माणसाची आपल्यालाच आठवण नाही.

कट्टेकरी

आणि बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मलेले. २०१८ चं प्रित्झकर पारितोषिक, म्हणजे वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, मिळवणारे पहिले भारतीय. कोरियांना ते मिळालं नाही याचं मला कायम वाईट वाटतं.

चौकट

कानविंदेंवर वेगळा धागा काढा ओसरी, मी भरपूर लिहीन. प्रित्झकरचं म्हणाल तर दोशींना मिळालं याचा आनंदच आहे. पण घर, शहर, जमिनीचं धोरण या तिन्ही ठिकाणी एकाच प्रश्नाशी झुंजणारा दुसरा माणूस मला तरी दिसत नाही. केंद्राच्या राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचे ते अध्यक्ष होते. १९८४ ला मुंबईत नगररचनेच्या अभ्यासासाठी संस्था उभी केली. पारितोषिकाच्या यादीत हे सगळं मावत नाही.

मांडवीकाठ

गोव्याकडून नमस्कार. कला अकादमीबद्दल लिहिताना हात जड होतो.

पणजीत कांपालला, मांडवीच्या काठावर. १९७० च्या दशकात काम सुरू होऊन १९८३ पर्यंत पूर्ण झालं. इमारत आडवी, बुटकी, रस्त्यावरून आरडाओरडा न करणारी. रस्त्याकडून मोठ्या मांडवाखाली शिरायचं आणि सरळ चालत नदीपाशी निघायचं, मध्ये दार नाही. तिकीट असो नसो, कोणीही यावं, पायऱ्यांवर बसावं, चहा घ्यावा, नदी बघावी. दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात बसलं की भिंतींवर मारियो मिरांडांनी रंगवलेले प्रेक्षक सज्ज्यांतून आपल्याकडे बघत असतात. पडदा उघडायच्या आधीच नाटक सुरू झालेलं असतं.

माझं पहिलं नाटक त्या रंगमंचावर, मराठी नाट्यस्पर्धेत. तालीम संपली की नदीकडच्या पायऱ्यांवर बसायचो. एका बाजूला तियात्रवाले, म्हणजे कोकणी संगीत नाटकवाले, त्यांची गाणी म्हणत असायचे, दुसऱ्या बाजूला कोणीतरी तबला लावत असायचं. गोव्यात कोकणी-मराठीवरून पुष्कळ वाद झाले, पण त्या पायऱ्यांवर सगळ्यांचा चहा एकाच ठिकाणचा.

मग नूतनीकरण आलं. २०१९ मध्ये पाडायचीच भाषा झाली होती, लोकांनी विरोध केला. काम सुरू झाल्यावर १७ जुलै २०२३ च्या रात्री खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. रात्र होती म्हणून जीव वाचले. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा उघडली, पण आवाज, प्रकाश, गळती यांबद्दल कलाकारांच्या तक्रारी थांबल्या नाहीत. चाळीस वर्षं ज्या सभागृहात शेवटच्या रांगेला श्वास ऐकू यायचा तिथे आता माइक लागतो, हे आम्ही कोणाला सांगायचं?

तरी या. मांडवाखालून नदीपर्यंत चाला. पणजीतच फोंतेन्हासला चार्ल्स कोरिया फाउंडेशन आहे, विद्यार्थ्यांसाठी त्यांचे उपक्रम चालतात, भाचीने जरूर संपर्क करावा. आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही: लिस्बनमध्ये तेजो नदीच्या मुखाशी, जिथून वास्को द गामाची गलबतं निघाली त्याच बेलेम भागात, कोरियांचं शांपालिमो संशोधन केंद्र २०१० मध्ये उभं राहिलं. गोव्याचा माणूस पोर्तुगालला समुद्राकडे बघण्याची जागा बांधून देऊन आला!

अंगणवेल

मांडवीकाठ, तुमचं वाचून गलबललं. गोव्याला एक दिवस ठेवला होता, तो वाढवते.

टेम्सकाठ

लंडनहून. २०१३ मध्ये इथे ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेत कोरियांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यांनी आपले नकाशे, आराखडे, प्रतिकृती याच संस्थेच्या संग्रहाला दिले, त्यानिमित्ताने. मी ऑफिस सुटल्यावर पुन्हा पुन्हा जात असे. बेलापूरच्या चौकाचा साधा रेखाटलेला नकाशा, त्यात झाडं, माणसं. आजूबाजूचे इंग्रज विद्यार्थी वाकून वाकून बघत होते. मला अभिमान वाटला आणि थोडं टोचलंही. हा ठेवा मुंबईत असायला हवा होता. पण मुंबईत तो सांभाळणारी, हवेच्या आर्द्रतेपासून जपणारी जागा कोणी देऊ केली असती का? कांचनजंगा ज्या शहरात आहे त्या शहरातल्या मुलीला तिचे मूळ नकाशे बघायला लंडनला यावं लागतं.

माळवा_मुक्काम

भोपाळचा मी. नोकरीमुळे इकडे आलो आणि इथलाच झालो. भारत भवन चुकवू नका. फेब्रुवारी १९८२ मध्ये सुरू झालं. बडा तालाबच्या उतारावर आहे, पण रस्त्यावरून इमारत दिसतच नाही. गच्चीवरूनच आत शिरायचं आणि पायऱ्या उतरत उतरत तळ्याकडे जायचं, वाटेत चौक लागतात आणि चौकांभोवती दालनं. जगदीश स्वामीनाथन यांनी उभं केलेलं ‘रूपंकर’ तिथे, आदिवासी चित्रकार आणि शहरी चित्रकार शेजारी शेजारी. ब. व. कारंतांचं रंगमंडळही तिथलंच. सूर्यास्ताला गच्चीवर जागा मिळत नाही इतकी तरुण मंडळी असतात. निम्म्यांना आत चित्रं आहेत याचा पत्ता नसतो. मला त्यात काही वावगं वाटत नाही. आज गच्चीवर आलाय तो उद्या पायऱ्या उतरेल.

मध्य प्रदेशचं विधान भवनही कोरियांचंच, वास्तुकलेचा १९९८ चा आगा खान पुरस्कार त्याला मिळाला. तिथे परवानगीशिवाय सोडत नाहीत.

साबरमतीकर

अहमदाबादला गांधी आश्रमातलं संग्रहालय. १९६३ ला नेहरूंच्या हस्ते उघडलं. काम हातात घेतलं तेव्हा कोरिया तिशीचेही नव्हते. सहा मीटरचे चौरस, विटांचे खांब, कौलारू छप्पर, लाकडी झडपा, खिडकीला काच नाही. काही चौरस बंद, काही उघडे, मध्ये पाण्याचा चौक. तुळयाच पन्हळीसारख्या आहेत, पावसाचं पाणी त्यांतूनच वाहून जातं. शेजारी बापूंची हृदयकुंज ही साधी झोपडी. तिच्या शेजारी काही बांधायचं म्हणजे केवढी जोखीम! आश्रमाच्या परिसरात पुनर्विकासाचं काम चालू आहे, त्यामुळे जाण्याआधी काय उघडं आहे ते विचारून घ्या.

कडीपाट

जयपूरचं जवाहर कला केंद्र. नऊ चौकोन, नऊ ग्रह, जयपूर वसवणाऱ्या जयसिंहांच्या मूळ नगररचनेसारखे. तिथे टेकडी आड आली म्हणून एक चौकोन सरकवला होता, इथेही एक सरकवलाय आणि तिथूनच प्रवेश. मधला सूर्याचा चौक पूर्ण मोकळा. दुपारी बाराला जाऊ नका, दगड भाजतो. कॉफी हाउस छान आहे.

दादरची_पोर

कोणी दादर म्हणेना! गोखले रोडवरचं पोर्तुगीज चर्च, अवर लेडी ऑफ सॅल्व्हेशन. आजची इमारत १९७७ ची, कोरियांची. एक अखंड छप्पर नाही. वेगवेगळ्या उंचीची काँक्रीटची कवचं, माथ्यावरून उजेड खाली येतो, मध्ये मध्ये उघडे चौक. लहानपणी शाळेतून येताना मी ते पाण्याच्या टाक्या समजायचे. एकदा मैत्रिणीच्या भावाच्या लग्नाला आत गेले आणि बाहेरचा ट्रॅफिक ऐकूच येईना. कोणीही शांतपणे आत जाऊन बसू शकतं, प्रार्थनेची वेळ टाळा.

अंगणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. आता बेत असा: मुंबईत पहिल्या दिवशी सकाळी दादरचं चर्च, मग लोअर परळचा पूल (गिरणगावकर, हे तुमच्यामुळे), दुपारी दादाभाई नौरोजी रोड पायी, संध्याकाळी पेडर रोडवर कांचनजंगा बाहेरून. दुसरा दिवस पूर्ण बेलापूर: आधी गावठाण, मग आर्टिस्ट व्हिलेज. पुणे फेब्रुवारीअखेर, विज्ञान दिनाला. गोवा तीन दिवस. भोपाळला माळव्यातले मित्र आहेतच. काही राहिलं का?

उरणकर

गावठाण बघायला याल तेव्हा सांगा. भर उन्हात फिरू नका, जेवायला आमच्याकडे.

गिरणगावकर

नेपियन सी रोडवरचं सोनमार्ग राहिलं, १९६६ चं. कांचनजंगाच्या आधी तिथे व्हरांड्याचा पहिला प्रयोग आहे. पेडर रोडला जाताना वाटेत होईल.

चौकट

गिरणगावकर, तुम्ही श्रीमंतांच्या इमारतीची शिफारस केलीत, हे धाग्याचं खरं फलित!

बेलापूरकरीण

दुपारी चारनंतर या, तेव्हा चौक भरलेला असतो. सीबीडी स्टेशनवर रिक्षावाल्याला ‘आर्टिस्ट व्हिलेज’ एवढंच सांगा. भाचीला मोजणीची टेप, वही आणि पेन्सिल आणायला सांगा. आमच्या चौकात दोन घरं अजून मूळच्यासारखी आहेत. त्यांतल्या एकाचं पुढच्या वर्षी काम निघणार आहे. त्याआधी ते खोलीन् खोली मोजून कागदावर उतरलं पाहिजे. मालकांशी मी बोलले आहे, ते हो म्हणालेत.

चौकट

मोजणीला मी येतो. ऑफिसातली दोन मुलंही आणतो, उंचीची मापं घ्यायला हात लागतील. तारीख इथेच टाका.